कालचं वाच

मृत्यूच्या दाखल्याच्या सहा झेरॉक्स काढायच्या होत्या, एवढ्यासाठीच प्रेरणा शिवप्रसाद अण्णांच्या दुकानात शिरली. मे महिन्यातल्या दुपारी अडीच वाजता बीदरच्या चौबाऱ्याच्या आसपास दुसरं एकही दुकान उघडं नव्हतं, नाहीतर ती ओळखीच्या दुकानात आली नसती. पुढच्या भागात वह्या, कंपासपेट्या, धूळ बसलेले पृथ्वीचे गोल. मागं काचेच्या आड एक संगणक आणि त्याच्यासमोर, दुकानाकडं पाठ करून बसलेली एक बाई. अण्णांनी दाखला हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, नाव वाचलं, जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. अकरा दिवसांत प्रेरणानं हा आवाज इतक्या तोंडांतून ऐकला होता, की आता तिला त्याची शिसारी यायला लागली होती. यंत्राच्या झाकणाखालून हिरवट उजेडाची पट्टी सरकली, वडिलांच्या नावाखालून एकदा, दोनदा, तीनदा गेली. गल्ल्याशेजारी रबर लावलेला कागदांचा गठ्ठा होता. वरच्या पानावर ठळक अक्षरांत 'माणिक आणि धुरंगा', खाली वडिलांचं नाव, 'बाबूलाल गुरुजी', आणि पेनानं लिहिलेलं 'दुसरी आवृत्ती, प्रूफ'. प्रेरणा सोलापूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. कुठलंही पुस्तक हातात आलं की ते शेवटून उघडायचं, ही तिची जुनी खोड. तिनं शेवटचं पान उलटलं आणि तीन वाक्यं वाचली. 'माणिकनं खडूचं रिंगण पुसलं आणि म्हणाला, जा. धुरंगा उंबऱ्याशी थांबला. म्हणाला, कुठं जाऊ? मला हाक मारणारं दुसरं कोण आहे?' तिनं गठ्ठा पालथा घातला. ही तीन वाक्यं छापलेल्या पुस्तकात कधीच नव्हती. ती एकदाच, एका दुपारी, मोठ्यानं बोलली गेली होती, आणि जगात दोनच माणसांना ठाऊक होती. त्यातलं एक अकरा दिवसांपूर्वी गेलं होतं.

"हे कुणी घातलं?" तिनं विचारलं. आवाज आपोआप ग्रंथालयातला झाला. पुस्तकावर पेनानं रेघोट्या मारणाऱ्या पोरांना विचारताना व्हायचा तसा. अण्णा हसले. त्यांचं हसू वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला दिलेलं, गुळगुळीत झालेलं होतं. "बस की पोरी. उभ्या उभ्या कामून भांडायलीस? गुरुजींनीच दिलंय. आता ह्या बाजूच्या मराठी शाळांत जाणार हाय पुस्तक. फक्त तुझी सही पायजे, वारस म्हणून." त्यांनी खणातून एक टाइप केलेला कागद काढून पुढं सरकवला, त्यावर पेन आडवं ठेवलं. "आणि खरं सांगू का, मी वरवरच चाळलंय, पर हे शेवटचं पानच ब्येस हाय. आधीच्यात ते भूत निघूनच जातंय. जाणारं भूत कुणाला आवडतंय? राहणारं असलं की पोरं खूश."

"भूत नाही ते," प्रेरणा म्हणाली, आणि हे वाक्य आपलं नाही, हे म्हणता म्हणताच तिच्या ध्यानात आलं. पहिली आवृत्ती आली तेव्हा विहारात कुणीतरी विचारलं होतं, गुरुजी, आपल्यात भूत मानायचं न्हाई आन तुमी त्याच्यावर पुस्तक लिवलाव व्हय? बाबा म्हणाले होते, "भूत मानत न्हाई मी. वेठ मानतो. ती बघितलीय." सगळे हसले होते. ती तेव्हा त्यांच्या मागं उभी होती आणि हसली नव्हती. त्या पुस्तकातला माणिक बारा वर्षांचा. एका म्हाताऱ्या जादूगाराच्या घरी शिकणारा. भुईवर खडूनं रिंगण काढायचं, आपण रिंगणात बसायचं आणि भुयारी कालव्यातल्या धुरंगाला नावानं तीनदा हाक मारायची. नाव ठाऊक असलं की त्याला यावंच लागतं. जेवत असला तरी, झोपला असला तरी. मग सांगेल ते काम करायचं, आणि रिंगणाच्या रेघेला हात लावायचा नाही. तिनं लिहिता लिहिता विचारलं होतं, रिंगणात धुरंगाला का नाही कोंडायचं? बाबा म्हणाले होते, "रिंगणात जादूगार बसतो. भीती त्याला असते." हे वाक्य त्यांनी पुस्तकात घातलं नाही. असली वाक्यं ते नेहमी बाहेर ठेवायचे; पोरांना आपली आपण कळली पायजेत, म्हणायचे. तिचे आजोबा अफजलपूरकडं, भीमेच्या काठी एका मोठ्या वतनदाराच्या शेतावर राबायचे. बांधावरून हाक आली की हातातला भाकरीचा तुकडा तसाच टाकून उठायचे. हाकेला नाव पुरतं लागायचंही नाही, अर्धंच. नऊ वर्षांच्या बाबूला त्याच शेतावर गुऱ्हाळात उसाच्या कांड्या सारायला बसवलेलं, आणि चरकानं उजव्या हाताची दोन बोटं ओढून घेतली. उरलेल्या तीन बोटांनी त्यांना फार वेळ लिहिता येत नसे. फळ्यावर डाव्या हातानं मोठी, गोल, लहान मुलासारखी अक्षरं काढायचे. पुस्तक लिहायचं तर दुसऱ्याचा हात पाहिजे होता. घरात दुसरा हात एकच होता.

अकरा-बारा-तेरा, ही तिची वर्षं त्या सतरंजीवर गेली. आई लवकर गेलेली. घर चांगुणाआत्या बघायची. शाळेतून येऊन जेवण झालं, की ओटीवरून हाक यायची: "प्रेरणा." एकदाच, सपाट, उत्तराची वाट न बघणारी. ती सागरगोटे टाकून यायची, वाचत असलेलं पुस्तक पालथं टाकून यायची, एकदा साबण लावलेलं डोकं तसंच टॉवेलात गुंडाळून आली होती. सतरंजीच्या मधोमध ती, मांडीवर पाटी, पाटीवर वही. आणि बाबा तिच्याभोवती गोल फिरत, तीन बोटांचा हात पाठीमागं धरून. चपलेचा फट्-फट् आवाज कधी डाव्या कानाला, कधी उजव्या. पहिली आज्ञा ठरलेली: "कालचं वाच." आदल्या दिवशी लिहिलेलं तिनं मोठ्यानं वाचायचं. वाचून संपलं की ते थांबायचे. एखादा शब्द खटकला तर बदलायचा, नाही खटकला तर म्हणायचे, "व्हय." ते 'व्हय' आलं की ते पान पक्कं. त्यानंतर त्याला देवानंसुद्धा हात लावायचा नाही, असं ते म्हणायचे. देव नसल्यामुळं ही अट पाळणं सोपं होतं. मधेच हवाई दलाच्या तळावरचं शिकाऊ विमान डोक्यावरून जायचं. बीदरमध्ये सगळी माणसं करतात तसं तेही बोलता बोलता तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबायचे, आवाज विरला की राहिलेलं वाक्य पुढं चालू. त्या विमानांवर तिचं प्रेम होतं. तेवढा वेळ बोटं झटकता यायची. मधल्या बोटाच्या पेराशी तेव्हा पडलेला घट्टा अजून आहे. सोलापूरला कामावर कंटाळा आला की ती अंगठ्यानं तो चाचपत बसते. वेठीवर पुस्तक लिहिणाऱ्या माणसानं ते वेठीनं लिहून घेतलं, हे वाक्य तिला पुढं कितीतरी वर्षांनी, दुसऱ्याच कुणाचं पुस्तक वाचताना सुचलं. ते सुचल्यावर तिला आनंद झाला होता. बापाविरुद्ध एक नेटकं वाक्य सापडल्याचा आनंद.

"सही कर आन मोकळी हो," अण्णा म्हणत होते. "गुरुजींचं वाक्य गुरुजींनी बदललं. तुला त्यात काय लागायलंय?"

"मी सही करणार नाही. आधीचं पान आहे तसं ठेवा, मग बघू."

"बापापेक्षा शहाणी झालीस व्हय ग सोलापूरला जाऊन?" हसू गेलं. खाली जे होतं ते जुनं, कोरडं होतं. "शेवटच्या टायमाला आली न्हाईस, आन आता मेल्या माणसाच्या पुस्तकावर हक्क सांगायलीस. तीन महिने या बाकड्यावर येऊन बसायचे गुरुजी. धाप लागायची. मी पानी द्यायचो. तू कुठं हुतीस?"

हा प्रश्न तिला अपेक्षित होता. जलदान विधीच्या दिवशी तो प्रत्येकानं विचारला होता. कुणी तोंडानं, कुणी ताटात भात वाढताना नजरेनं. तिच्याजवळ उत्तर होतं, पण ते बापाची अब्रू घेणारं होतं, म्हणून तिनं कुणाला दिलं नाही. तिला कळवलंच नव्हतं. तीन महिने माणूस आजारी, आणि दर रविवारी अकराला ती फोन करायची तेव्हा पलीकडून तेच: "हां. बोल." तब्येत? "बरी हाय." जेवलात? "व्हय." आत्यानं नंतर सांगितलं, पदर डोळ्यांना लावून पण शब्द चांगले धारदार करून: "म्या म्हनलं, पोरीला बोलवू का. तर म्हनला, तिला हाक मारायची न्हाई. तीनदा इचारलं म्या. तीनदा न्हाई म्हनला. लई राग हुता ग त्याच्या मनात तुज्याबद्दल. कशाचा ते तुमचं तुमाला ठावं." विधी झाल्यावर प्रेरणानं त्यांचा फोन उघडून पाहिला होता. तिच्याकडून आलेले फोन, रविवारमागून रविवार. तिला लावलेला एकही नाही. एकही. ती अठराव्या वर्षी घर सोडून गेली तेव्हापासून त्यांनी तिला कधी 'ये' म्हटलं नव्हतं, सणाला नाही, बाळंतपणानंतर नाही, निवृत्तीच्या समारंभाला नाही. ती आपणहून आली तर दारातून बाजूला व्हायचे, पाणी द्यायचे. आणि नाव घ्यायचे नाहीत. हे तिच्या फार पूर्वी लक्षात आलं होतं. 'अगं', 'ऐक', 'बोल'. जणू त्या नावाची दुसरी कुणीतरी मुलगी होती आणि ती वारली होती. मुलगी मोठी झाली की काही बाप असे लाकडासारखे होतात, हे तिनं पुस्तकांत वाचलं होतं, आणि पुस्तकांतलं आहे म्हणून पुष्कळ दिवस मानलंही होतं.

राग कशाचा, ते तिला ठाऊक होतं. शेवटच्या पानाचा. त्या दिवशी चांगुणाआत्या मन्नाएखेळ्ळीला निघाली होती. तिथं आत्याच्या पुतणीचं लग्न. जीप चार वाजता निघणार. प्रेरणाचा जांभळा परकर इस्त्री करून खाटेवर ठेवलेला, केसांत दोन रिबिनी बांधून झालेल्या. पावणेचारला ओटीवरून हाक आली. ती गेली. "एकच पान राहिलंय," बाबा म्हणाले. "आज संपवू." जीप दारात आली. हॉर्न वाजला. विमान गेलं. बाबा थांबले, विमानासाठी, जीपसाठी नाही. आत्यानं बाहेरून काहीतरी म्हटलं, बाबांनी हात हलवला, जा म्हणून, आणि जीप गेली. आजही ही गोष्ट कुणाला सांगायची तर लाज वाटावी इतकी क्षुल्लक. एक लग्न, एक जीप, दोन रिबिनी. पण तेरा वर्षांच्या मुलीच्या अंगात तेव्हा जे उसळलं ते क्षुल्लक नव्हतं. तिला वाटलं, बोटं जळताहेत. आणि वरून आवाज सांगत होता, माणिकनं रिंगण पुसलं. जा म्हणाला. धुरंगा म्हणाला, कुठं जाऊ? मला हाक मारणारं दुसरं कोण आहे? आणि तो उंबऱ्याशी बसला, आणि जन्मभर माणिकच्या दाराशी राहिला. समाप्त. ते शेवटचं वाक्य सांगताना बाबा फिरायचे थांबले होते. त्यांच्या मते ते प्रेम होतं. ती लिहीत होती, पण ते सांगत होते ते लिहीत नव्हती. तिची बोटं आपोआप चालली होती. 'धुरंगा गेला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. माणिकनं त्याला तीनदा हाक मारली. पण सुटलेल्याला हाक मारली की ती त्याला भाजते. धुरंगाच्या पाठीवर तीन चट्टे उठले. तरी तो वळला नाही.' वही मिटली. पुस्तक संपलं होतं. दुसऱ्या दिवशी पुढचं लिहायचं नव्हतं, म्हणून 'कालचं वाच' झालंच नाही; त्यानंतरच्या हाका पत्रं-अर्ज लिहिण्यापुरत्या. सगळ्या पुस्तकात तेवढं एक पान वाचून न दाखवलेलं, 'व्हय' न मिळालेलं. वही उदगीरच्या छापखान्यात गेली, प्रुफं तिथल्याच माणसानं तपासली.

तीन महिन्यांनी पोत्यात बांधलेला गठ्ठा बसच्या टपावरून आला. बाबांनी वरची प्रत काढली, खाटेवर बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. ती दाराआड उभी राहिली, मार खायच्या तयारीनं. त्यांनी तिला कधी मारलं नव्हतं, पण आज मारतील अशी तिची खात्री होती, आणि खरं म्हणजे इच्छा होती. पानं उलटण्याचा आवाज येत होता. उन्हं ओटीवरून भिंतीवर चढली. ते शेवटच्या पानावर आले. बराच वेळ पुढचा आवाज नाही, कारण पुढं पान नव्हतं. मग त्यांनी पुस्तक मिटलं, उशीवर ठेवलं, तिच्याकडं न बघता विचारलं, "जेवलीस का?" एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीवरून हाक आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर कधीच नाही. त्यांनी दुसरं पुस्तक लिहिलं नाही. ती आतल्या खोलीत मोकळ्या हातांनी बसायची, कान बाहेर लावून. जे इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं होतं, आणि ती शिक्षा होती. आपल्याला सुटका आणि हाकलून देणं यांतला फरक कळू नये म्हणून जणू ते मुद्दाम काहीच बोलले नाहीत, असं तिनं ठरवून टाकलं आणि त्या ठरवण्यावर पुढचं सगळं आयुष्य बांधलं. आणि आता, मरता मरता, त्यांनी ते पान खोडून आपलं आत घातलं. जिंकले. मेलेल्या माणसाशी कसं भांडायचं? तो बोलावूनही येत नाही.

"अण्णा, जरा थांबा की," काचेआडून आवाज आला. संगणकासमोरची बाई उठून बाहेर आली होती. तिशीची, कपाळावर विभूतीची तीन बोटं, गळ्यात रेशमी फडक्यात बांधलेलं इष्टलिंग साडीच्या काठाआड गेलेलं. "मी शिवलीला. अक्षरजुळणी मीच केलीय, अक्का. हे पान अजून पक्कं न्हाई म्हणून मी सांगिटलं हुतं अण्णांना. ह्यांनीच घाई केली."

"दिलंय म्हणल्यावर घातलं," अण्णा गुरगुरले. "आता तू नको शिकवू मला."

"दिलं न्हाई. सांगिटलं. मी लिहून घेतलं." ती प्रेरणाकडं वळली. तिचं मराठी कानडीच्या ठेक्यावर चालायचं, शब्दांच्या शेवटी जरा उचललेलं. "गुरुजी रोज तीनला यायचे. हात तर चालत नव्हताच. ते फिरत फिरत सांगायचे, धाप लागली की बाकड्यावर बसायचे. मी टाईप करायची. आन दुसऱ्या दिवशी आल्या आल्या पैलं काय म्हणायचे, सांगू? कालचं वाच."

प्रेरणाला तिचा चेहरा एकाएकी असह्य झाला. ती रुंद, निवांत जिवणी. न दुखलेली बोटं. तर मग दुसरी सापडली होती त्यांना. पगारी, स्वखुशीची, तीन वाजता दुकानात आयती बसलेली. तीन महिने हिच्याभोवती घिरट्या घालायला धाप परवडत होती, आणि सोलापूरला एक फोन लावायला नाही. "तुमचं नाव घेऊन हाक मारायचे का?" तिनं विचारलं. प्रश्न किती वेडगळ आहे, हे तोंडातून गेल्यावर कळलं.

"मारायचे की. शिवलीला, बस ग. कामून?"

"काही नाही."

"हे शेवटचं पान त्यांनी आठ दिवस सांगिटलं, अक्का. एक पान, आठ दिवस. मी म्हणलं, गुरुजी, पुस्तकात तर येगळं हाय. तर म्हणाले, ते पान माझं न्हाई. पोरीचं हाय."

विमान आलं. तिघंही थांबली. अण्णांचा हात हवेत, शिवलीलाचं तोंड किंचित उघडं. काचेच्या कपाटातले पृथ्वीचे गोल बारीक थरथरले. म्हणजे त्यांनी सांगितलं होतं. तिला कधी एका शब्दानं न विचारता, न रागावता, या परक्या बाईला, झेरॉक्सच्या दुकानात. आवाज विरला.

"वाचून दाखवलं मी दुसऱ्या दिवशी," शिवलीला म्हणाली. "गुरुजी काई बोललेच न्हाईत. व्हय बी न्हाई, न्हाई बी न्हाई. जाताना म्हणाले, ती येईल कधीतरी. तिला वाचून दाखव. ती व्हय म्हणली तर घाल. न्हाई तर तिचंच राहू दे."

"मी वाचलंय ते."

"सगळं?"

तीन वाक्यं वाचून तिनं गठ्ठा पालथा घातला होता. कुठल्याही वाचकानं असं केलं असतं, तर तिनं त्याला ग्रंथालयातून बाहेर काढलं असतं. शिवलीलानं गठ्ठ्यातून शेवटचं पान ओढून काढलं. बसली नाही, उभ्यानं, शाळेत धडा वाचतात तसं दोन्ही हातांत धरून, आधी एकदा खाकरून वाचायला लागली. 'माणिकनं खडूचं रिंगण पुसलं आणि म्हणाला, जा. धुरंगा उंबऱ्याशी थांबला. म्हणाला, कुठं जाऊ? मला हाक मारणारं दुसरं कोण आहे?' प्रेरणानं बाकड्याची कड घट्ट धरली. आता ते येणार होतं, तो उंबऱ्याशी बसला, जन्मभर राहिला. 'माणिकला वाटलं, राहा म्हणावं. तो म्हणाला नाही. धुरंगा गेला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. माणिकच्या तोंडात त्याचं नाव होतं. हाक मारली तर त्याला भाजेल, म्हणून माणिकनं ते तोंडातच ठेवलं. जेवताना तो ते गालात सरकवायचा. झोपताना जिभेखाली धरायचा. लोक म्हणाले, हा पोरगा बोलत का नाही? नाव विस्तवासारखं असतं. ते कुणाला ना कुणाला भाजणारच. माणिक म्हातारा झाला. धुरंगा कुठं होता, त्याला ठाऊक नव्हतं. पण त्याच्या पाठीवर एकही चट्टा नव्हता, एवढं त्याला ठाऊक होतं.'

शिवलीलानं कागद खाली केला आणि थांबली. तिला तसं शिकवलं होतं. वाचून झालं की थांबायचं.

पहिली गोष्ट प्रेरणाच्या मनात आली ती ही, की हे चांगलं लिहिलंय. गालात सरकवायचा, हे फार चांगलं आहे. आणि त्याचाच तिला भयंकर राग आला. चांगलं वाक्य म्हणजे माफी नव्हे. मागतोय तो माफी, की देतोय, तेही कळू दिलेलं नाही. असली वाक्यं ते नेहमी बाहेर ठेवायचे. 'अगं', 'ऐक', 'बोल'. रविवारी अकराला पहिल्याच घंटेला उचललेला फोन. तीनदा विचारलं, तीनदा न्हाई म्हनला. सगळं एका रांगेत उभं राहिलं. अठ्ठावीस वर्षं एक शहाणासुरता माणूस, देव न मानणारा, भूत न मानणारा, गुऱ्हाळात बोटं देऊन आलेला, एका रुसलेल्या पोरीनं जीप चुकली म्हणून खरडलेल्या चार ओळी पाळत बसला. कायदा असल्यासारख्या. कुणी सांगितलं होतं? वाचून दाखव म्हणायचं. खोडायचं. दोन थोबाडीत मारायच्या. हाका काय फक्त वतनदाराच्याच असतात?

"तेरा वर्सांची हुते मी," ती म्हणाली. सोलापूरची भाषा तोंडातून कुठं गेली, तिला कळलं नाही. "तेरा वर्सांच्या पोरीचं कुणी इतकं ऐकतंय का? मारायची की हाक. भाजलं असतं तर भाजलं असतं. मारायला पायजे हुती."

अण्णांनी मान खाली घातली आणि दाखल्याच्या प्रती उगाच पुन्हा मोजायला लागले. शिवलीलाला सगळं कळलं होतं असं नाही. पण तिला काम कळत होतं. ती काचेआड गेली, खुर्चीवर बसली, पडद्यावर ते पान उघडलं. "मग तसं टाकू का, अक्का? 'माणिकनं हाक मारली' म्हणून? एकच वाक्य बदलावं लागतंय. पण मग पुढं काय? तो येतो का?"

पडद्यावर काळी उभी रेघ लुकलुकत होती. प्रेरणा तिच्या पाठीमागं येऊन उभी राहिली. आपला उजवा हात पाठीमागं गेलाय, हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं तो चटकन पुढं घेतला. एक वाक्य. माणिकनं हाक मारली. मग धुरंगाला यावं लागेल. बसनं, सोलापूरहून, तीन महिन्यांपूर्वी. डब्यात काहीतरी करून घेऊन, दवाखान्याच्या खाटेशी बसायला. पाठीवर चट्टा घेऊन. पोरं वाचतील, खूश होतील. आणि ते खोटं असेल, छापलेलं आणि शाळांत वाटलेलं. त्यानं हाक मारली नव्हती. ती आली नव्हती. हे दोघांचं मिळून एवढं एकच खरं होतं, आणि ते त्यांनी धाप लागत असताना आठ दिवस खपून लिहिलं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "बदलू नको. मारली न्हाई त्यानं."

"मग हेच ठेवू?"

प्रेरणानं अंगठ्यानं मधल्या बोटाचा घट्टा चाचपला.

"व्हय म्हणावं लागतंय, अक्का," शिवलीला मान न वळवता, जरा दबकत म्हणाली. "गुरुजींनी तसं सांगिटलंय. त्याशिवाय मला पक्कं करता येत न्हाई."

वर पुन्हा विमान आलं. शिवलीलाची बोटं कळांवर थांबली. पुढं अण्णांचा प्रती मोजणारा हात थांबला. प्रेरणाच्या तोंडात तो शब्द होता. लहानपणी तो दुसऱ्याच्या तोंडून कितीदा ऐकला होता. स्वतः कधी उच्चारला नव्हता. तो किती गरम असतो, हे तिला आत्ता कळत होतं. आवाज किल्ल्याच्या बाजूला सरकत गेला, लांब झाला, संपला. मग, कुणावर तरी थुंकावं तसं, तिनं ते म्हटलं.

"व्हय."